तपासली तर खोटी, न तपासली तर कोरी

प्रश्न : मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नववीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ५४ मुलं-मुली. मुलांनी मन मोकळं करावं, मोबाइलमधून डोकं काढावं म्हणून जूनपासून सगळ्यांना रोज एक पान डायरी लिहायला सांगितलं. दर शनिवारी वह्या गोळा करून वाचते, सही करते. बहुतेकांच्या वहीत रोज तेच असतं : 'सकाळी ६ वाजता उठलो. दात घासले. शाळेत गेलो.' बरेच जण शनिवारी सकाळी बसून आठवडाभराची पानं एकदम भरतात. मुलगे म्हणतात, डायरी मुलींची असते. एका मुलीने मात्र वडिलांच्या दारूबद्दल, घरच्या भांडणांबद्दल फार मनापासून लिहिलं होतं. काळजी वाटून मी पालक सभेत तिच्या आईशी बोलले. आईने घरी जाऊन वही फाडली. आता ती मुलगी नव्या वहीत फक्त हवामान लिहिते. मुख्याध्यापकांना हा उपक्रम प्रदर्शनात मांडायचा आहे. मी काय करू? तपासली तर खोटी लिहितात, न तपासली तर कोरी ठेवतात.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य अगदी अचूक आहे, आणि तुमची अडचण सुटायची वाटही त्यातच आहे. तुम्ही एकाच वहीकडून दोन कामं मागता आहात. एक गृहपाठाचं : ठरलेलं पान, ठरलेला वार, बाईंची सही. दुसरं अगदी खासगी : कोणी बघत नाही असं समजून स्वतःशी बोलायचं. जी वही शनिवारी टेबलावर ठेवायची आहे तिच्यात शुक्रवारी रात्री कोण खरं लिहील? तुम्ही-आम्हीही लिहिणार नाही.

तरी त्या 'दात घासले'वाल्यांवर रागावू नका. रोजनिशी या शब्दातली 'निशी' म्हणजे फारसीतलं लिहिणं. चिटणीस, फडणीस यांतला 'नीस'ही तोच. पेशवे दप्तरातल्या रोजनिश्यांत जमाखर्च, हुकूम, नेमणुका, इनामं यांच्याच नोंदी आहेत, मनातलं गुज नाही. तेव्हा तुमची मुलं रोजनिशीच लिहितात, आणि शब्दाच्या जुन्या अर्थाने अगदी चोख लिहितात. तुम्हाला हवं होतं ते वेगळं, आणि ते कसं लिहायचं हे त्यांना कोणी दाखवलेलं नाही. निबंधाने त्यांना उलट शिकवलंय : सुरुवात करा, तीन मुद्दे लिहा, शेवटी चांगला संकल्प सोडा. म्हणून ज्यांच्या वहीत दात घासणं नसेल त्यांच्या वहीत 'यापुढे मी मन लावून अभ्यास करेन' असणार. तो संकल्प तुमच्यासाठी असतो.

आधी त्या मुलीबद्दल, कारण तिची गोष्ट वर्गाच्या योजनेसाठी थांबवून ठेवण्यासारखी नाही.

तुम्ही वाईट हेतूने काहीच केलं नाही. तरी झालं असं की तिने एका माणसावर विश्वास ठेवला आणि त्याची किंमत तिला घरी मोजावी लागली. तिची माफी मागा. वर्गासमोर नको, स्टाफरूममध्ये बोलावून तर मुळीच नको. तिथे बाकीचे ऐकतात. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात, चार पावलं बाजूला होऊन, दोन वाक्यं पुरे : 'तुझं लिहिलेलं मी तुला न विचारता आईला सांगितलं. ते माझं चुकलं.' एवढं बोलून थांबा. 'पण मला तुझी काळजी होती गं' हे शेपूट जोडू नका. त्याने तिच्यावरच समजून घेण्याची जबाबदारी येते. 'आता पुन्हा लिहिशील ना?' हेही नको. मात्र एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो वहीबद्दलचा नाही : 'घरी तुला किंवा आईला मारहाण होते का? रात्री भीती वाटते का?' उत्तर हो आलं तर पुढची पावलं खाली लिहिली आहेत. उत्तर नाही आलं, किंवा ती नुसती मान हलवून गप्प राहिली, तर 'कधीही सांगावंसं वाटलं तर मी आहे' म्हणा आणि तिला मैत्रिणींकडे जाऊ द्या. आईबद्दलही मनात अढी ठेवू नका. घरातली गोष्ट शाळेत पोचली ही लाज तिच्या वाट्याला आली, आणि हाताशी सापडली ती वही.

आता वर्ग. माझं म्हणणं थोडक्यात असं : सही बंद करा, त्याऐवजी वर्गातला वेळ द्या. 'न तपासली तर कोरी ठेवतात' हे खरं आहे ते घरी लिहायच्या वहीबाबत. संध्याकाळी क्लास, घरकाम, दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणी, एका खोलीत पाच माणसं आणि एक टीव्ही, यात कोणी आपणहून वही उघडणार नाही. तेच दहा मिनिटं वर्गात, सगळे एकदम लिहीत असताना मिळाली की लिहिलं जातं. रोज तर नकोच. आठवड्यातून दोनदा, मराठीच्या तासाची पहिली काही मिनिटं, वार ठरलेले. पहिले दोन आठवडे फक्त पाच मिनिटं ठेवा. सवय नसलेल्या हाताला सुरुवातीला दहा मिनिटं फार लांब वाटतात. मग सात, मग दहा. त्यापुढे वाढवू नका. 'अजून थोडा वेळ द्या ना मॅडम' असं ऐकू येतानाच थांबवलेलं बरं.

नियम एकच : वेळ संपेपर्यंत पेन थांबवायचं नाही. सुचत नसेल तर 'काही सुचत नाही' हेच लिहीत राहायचं. हे वाक्य पाचसहा वेळा लिहून बहुतेकांना कंटाळा येतो, आणि सातव्या ओळीला काहीतरी खरं उतरतं. खाडाखोड चालेल, चित्र चालेल, यादी चालेल, कविता झाली तर झाली.

त्या वेळात तुम्ही काय करायचं? खुर्चीत बसून स्वतःच्या वहीत लिहायचं. हजेरी नाही, तपासायचे गठ्ठे नाहीत. बाकांमधून फिरणं पूर्ण बंद. शिक्षक मागून येतोय हे मुलांना पाठीने कळतं आणि हात आपोआप पानावर येतो. शेजारच्याचंही तेच. एका बाकावर तिघं बसत असतील तर मध्ये दप्तर उभं करायचं, हे पहिल्याच दिवशी सांगा. आणि वह्या पीटीच्या तासाला दप्तरात बेवारस राहू देऊ नका. पूर्वी कोणी चोरून वाचलं तर चार जणांत हसं व्हायचं. आता कोणी आणलेल्या मोबाइलवर पानाचा फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत गटागटांत फिरतो. वर्गाच्या कपाटाला कुलूप असेल तर वह्या तिथे ठेवा, ज्यांना घरी न्यायच्या त्यांनी न्याव्यात. कपाटातल्या वहीला मुलाने स्वतः दोरा बांधून गाठ मारावी. गाठ उघडणं काही अवघड नाही, पण उघडलेली कळते, आणि तेवढं पुरतं.

वहीही तुम्ही ठरवून द्या. तारखा छापलेली डायरी नको. चार पानं चुकली की कोऱ्या तारखा टोचत राहतात आणि वही कायमची बंद होते. दोनशे पानी वहीही नको, ती कधी संपत नाही. विकत आणायला सांगायचीच गरज नाही. गेल्या वर्षीच्या वह्यांत मधली कोरी जोडपानं उरलेली असतात. अशी १२ जोडपानं एकात एक घालून मधोमध दुमडायची, घडीवर तीन भोकं पाडायची आणि सुईदोऱ्याने मधल्या भोकातून सुरुवात करून पुन्हा मधल्याच भोकात गाठ मारायची. जुन्या कॅलेंडरचं जाड पान वरून लावलं की झाली ४८ पानांची वही. आठवड्याला दोन पानं धरली तर २४ आठवडे. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू केली तर वार्षिक परीक्षेपर्यंत जवळजवळ भरत येते. आपण एक वही संपवली, हे या वयात लहान सुख नाही.

समास मात्र चार बोटं रुंद सोडायला लावा. महिन्यातून एकदा नवं काही न लिहिता जुनं वाचायचं आणि समासात दुसऱ्या रंगाच्या पेनाने एखादी ओळ टाकायची : 'आता हसू येतं', 'अजूनही राग आहे', 'हे मी उगाच लिहिलं होतं'. लिहिण्यापेक्षा या परत वाचण्यात जास्त काही घडतं असं मला वाटतं. महिन्याभरापूर्वी आभाळ कोसळल्यासारखं वाटलेलं काहीतरी आज नीट आठवतही नाही, हे मुलाला कोणी सांगून पटत नाही. स्वतःच्या अक्षरात दिसलं की पटतं.

आणि तिला डायरी म्हणू नका. शाळेत 'डायरी' म्हणजे शेरा लिहायची जागा : गृहपाठ केला नाही, गणवेश नाही, पालकांनी भेटावे. ज्या शब्दाखाली पालकांची सही घ्यावी लागते त्या शब्दावर कोण मन मोकळं करेल? नुसतं 'वही' म्हणा, किंवा मुलांनाच नाव ठेवू द्या. मुलग्यांची तक्रारही यातून अर्धी सुटेल. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांना भावनांवर लिहा असं सांगूच नका. मॅचमध्ये आपण कसे आऊट झालो आणि तेव्हा कोण काय बोललं, व्यापाऱ्याने कापसाला काय भाव दिला आणि त्यावर वडील काय म्हणाले, मोटारसायकलचा प्लग कसा साफ केला. भावना तिथेच असतात, फक्त त्यांना त्या नावाने हाक मारायची नसते.

विषय देताना 'माझे स्वप्न', 'माझा आदर्श', 'आजचा दिवस' टाळा. पहिले दोन निबंधाकडे नेतात, तिसरा दात घासण्याकडे. उपयोगी पडतात ते नेमके, लहान प्रश्न. काल घरात ऐकलेलं एक वाक्य जसंच्या तसं. या आठवड्यात कोणाशी बोलायचं टाळलं? खोटं बोलावं लागलं असा प्रसंग. ज्याला कधीच देणार नाही त्याला पत्र. मला येत नाही असं लोकांना वाटतं, पण येतं असं काहीतरी. फळ्यावर दोन प्रश्न लिहा आणि खाली कायम एक ओळ राहू द्या : 'किंवा तुला हवं ते'. दिनक्रम लिहिणाऱ्याला तो पुसायला लावू नका; त्यातली एकच ओळ उघडायला सांगा. 'सकाळी उठलो' : कोणी उठवलं, काय म्हणून, पहिला आवाज कसला, पांघरूण कोणी ओढलं? दहा मिनिटं एवढ्यावरच जातात, आणि पान त्याचं स्वतःचं होतं.

भाषेबद्दल, तुम्ही मराठीच्या बाई असल्यामुळे, जरा कठीण मागणी करतो. त्या वहीत शुद्धलेखन नाही. 'मला'च्या जागी 'माले' आणि 'आहे'च्या जागी 'शे' आलं तर येऊ द्या; घरातलं भांडण अहिराणीत झालं असेल तर ते प्रमाण मराठीत लिहिताना निम्मं पुसलं जातं. कोणी हिंदीत, उर्दूत, पावरीत, किंवा मोबाइलवर लिहितात तसं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहील, लिहू द्या. दहावीच्या प्रसंगलेखनाला, आत्मकथनाला या सरावाचा फायदा होईलच, पण 'यामुळे मार्क वाढतात' हे मुलांना सांगू नका. सांगितलंत की ती पुन्हा परीक्षकासाठी लिहू लागतील.

तुमच्या पत्रामागे एक गृहीत आहे : रोज लिहिलं, दुःख मोकळं केलं की मन हलकं होतं. हे निम्मं खरं आहे. अमेरिकेत १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, दररोज १५ मिनिटं आयुष्यातल्या क्लेशदायक अनुभवावर लिहायला लावलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना बरं वाटलं नाही, उलट उदास वाटलं. ज्यांनी घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. त्यानंतर या विषयावर बरंच संशोधन झालं आणि त्याचे निष्कर्ष काही सगळीकडे सारखे नाहीत. आपल्याला त्यातून घेण्यासारखं दोन गोष्टींपुरतं आहे. जड विषयावर लिहिणं रोजचं, वर्षभराचं औषध नव्हे. आणि लिहून उठलेल्या मुलाला लगेच गणिताच्या चाचणीला बसवू नये. पेनेबेकर यांचाच पुढे एक साधा नियम आहे : हे लिहिलं तर मला सहन होणार नाही असं वाटलं, तर लिहू नकोस, दुसरं काही लिही. हा नियम मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा.

काही मुलं एकच जखम आठवडेच्या आठवडे उगाळतात : तीच मैत्रीण, तेच भांडण, तेच वाक्य. त्याने मन मोकळं होत नाही, रुतत जातं. तुम्ही वह्या वाचणार नाही, मग हे कळणार कसं? कळायची गरज नाही. उपाय सगळ्या वर्गाला एकदम द्या. 'तीनदा तेच लिहिलं गेलं असेल तर चौथ्यांदा ते दुसऱ्या कोणाची गोष्ट असल्यासारखं लिही : "मी"च्या जागी "ती" किंवा "तो".' किंवा समोरच्याच्या बाजूने लिही. आणि शेवटची दोन मिनिटं आता डोळ्यांना दिसणाऱ्या, कानांना ऐकू येणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवा : पंखा, खिडकीतलं कडुनिंबाचं झाड, शेजारच्या वर्गातले पाढे. त्याने मूल वर्गात परत येतं.

काही मुलांना हे आवडणारच नाही. महिनाभर दिल्यावरही ज्याला नको त्याला त्या दहा मिनिटांत पुस्तक वाचू द्या. डायरी न लिहिता शहाणी झालेली माणसं गावोगाव आहेत.

मुलांना वचन काय द्यायचं, हा यातला सर्वांत नाजूक भाग. 'मी कोणाला काहीही सांगणार नाही' असं म्हणू नका, कारण ते पाळता येणार नाही. असं म्हणा : 'मी वही वाचणार नाही. तू स्वतः पान दाखवलंस तर वाचेन. त्यात तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला, शरीराला धोका आहे असं दिसलं तर मला गप्प बसता येणार नाही, पण कोणाशी बोलणार ते आधी तुला सांगेन.' यातलं 'आधी तुला सांगेन' हेच त्या मुलीच्या वेळी राहून गेलं.

धोक्याचा अर्थही नेमका हवा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शाळेची अब्रू, घरच्यांची विनंती, 'मूल खोटं बोलत असेल' ही शंका, यांतलं काहीही न कळवण्याचं कारण होत नाही. खरंखोटं ठरवणं तुमचं काम नाही आणि मुलाला पुन्हा पुन्हा विचारणंही नाही. ऐकलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख टाकून लिहून ठेवा. मारहाण, उपासमार, बालविवाहाची तयारी यांसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. मरणाची भाषा, स्वतःला इजा करणं दिसलं तर मुलाला एकटं सोडू नका, घरातल्या ज्या माणसावर त्याचा भरवसा आहे त्याला त्याच दिवशी बोलवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. या दोन्ही क्रमांकांचा कागद वर्गात कायम लावून ठेवा, म्हणजे जो काहीच दाखवणार नाही त्यालाही ते दिसतील.

पुढच्या पालक सभेत आईवडिलांना एकच विनंती करा : ती वही उघडू नका. कोणीतरी म्हणेलच, 'मोबाइल तपासतो, मग वही का नको?' मोबाइलच्या पलीकडे अनोळखी माणसं असतात म्हणून तो तपासावा लागतो. वहीच्या पलीकडे कोणी नसतं. जिवाच्या काळजीने कधी उघडावी लागलीच, तर उघडल्याचं मुलाला त्याच दिवशी सांगायचं. गुपचूप वाचून जेवताना टोमणे मारायचे नाहीत.

राहिले मुख्याध्यापक. मूळ वह्या प्रदर्शनात मांडता येणार नाहीत, हे त्यांना नम्रपणे पण ठामपणे सांगा आणि त्यांच्या हाती दुसरं काही द्या. महिन्यातून एकदा प्रत्येकाने स्वतः निवडलेला, हवा तसा बदललेला एक परिच्छेद सुट्या कागदावर लिहून द्यायचा. तो तुम्ही वाचा. लाल पेन नको, 'छान' नको, गुण नकोत; खाली एक खरा प्रश्न लिहून परत द्या : 'मग आजोबा काय म्हणाले?' ५४ कागदांना दोन मिनिटांप्रमाणे पावणेदोन तासांहून थोडं जास्त लागेल, म्हणजे दर शनिवारच्या गठ्ठ्यांपेक्षा कितीतरी कमी. प्रदर्शनासाठी ज्यांना द्यावंसं वाटेल त्यांनी कागदावर 'लावा' असं लिहायचं, नाव घालायचं की नाही तेही त्यांनीच ठरवायचं. वर्षअखेरीला वह्या ज्याच्या त्याच्या हातात द्या. एकही ठेवून घेऊ नका, नमुना म्हणूनही नाही.

त्या मुलीकडून या महिन्यात बहुतेक काही येणार नाही. हवामानच आलं तर हवामानाबद्दल प्रश्न विचारा, मनापासून. कोरा कागद आला तर तोही घ्या आणि बाकीच्या त्रेपन्नांबरोबर, त्यांच्यासारखाच घडी घालून, तिला परत द्या.